मुदतवाढ

मनुष्याला कामावरून केव्हा मुक्त करावे, हा प्रश्न महाराष्ट्र शासनाने फार पूर्वीच निकालात काढला आहे. चतुर्थ श्रेणीची मंडळी वगळता बहुतेक सर्वांना वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली की, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, सदर इसमाची बुद्धी शाबूत आहे किंवा नाही, त्याचे हातपाय चालतात किंवा नाही, आणि त्याच्याखेरीज त्या दफ्तरातील एकही फाइल कुणास सापडते किंवा नाही, याची यत्किंचितही चौकशी न करता, एक श्रीफळ, एक शाल आणि चार गोड असत्य भाषणे देऊन घरी पाठवले जाते. या नियमाला निष्ठुर म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु महसूल खात्यात उभी हयात काढून त्याच नियमान्वये घरी आलेला मी त्याचा निस्सीम पुरस्कर्ता आहे. कारण ज्या क्षेत्रात असा नियम नाही तेथे केवढा अनर्थ माजतो, हे मी निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात राहून पाहिले आहे.

गृहोपयोगी यंत्रांना जन्मतारीख असते, पण सेवापुस्तक नसते. ती कधी रुजू झाली हे सर्वांना ठाऊक असते. ती कधी निवृत्त व्हावीत हे कुणीच लिहून ठेवलेले नसते. आमच्याकडील फ्रीज १९९६ सालच्या गुढीपाडव्याला आमच्या सेवेत दाखल झाला. १६५ लिटरांचा, एकदारी, लालभडक, आणि हँडलाखाली कुलूप असलेला. त्या काळी फ्रीजला कुलूप असे, आणि आतमध्ये चोरण्याजोगे बर्फाखेरीज काहीही नसताना त्याची किल्ली सौ.च्या कंबरेच्या जुडग्यात मोठ्या इतमामाने सामील झाली. माथ्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची परडी आणि शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर, अशा थाटात त्याची स्थापना झाली ती स्वयंपाकघरात नव्हे, तर बैठकीच्या खोलीत. कारण पाहुण्यांना दिसणार नसेल तर फ्रीज घेण्याचे प्रयोजन काय, असा त्या वेळी सर्वानुमते ठराव झाला होता.

वास्तविक सोलापूरच्या माणसाला फ्रीज कशासाठी लागावा, हाच मुळी वादाचा विषय आहे. आमची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, शेंगाचटणी डब्यात पडून राहिली तरी तिचे काही बिघडत नाही, आणि जी पाकसंस्कृती शतकानुशतके नासण्यावर मात करीतच घडली तिच्यावर शीतकरणाचे उपकार लादण्याचे कारण नव्हते. परंतु वैशाखात पारा ४३ अंशांवर गेला म्हणजे तत्त्वज्ञान वितळते. प्रथम पाण्याच्या बाटल्या आत गेल्या, मग दूध गेले, मग भिजवलेले पीठ, कोथिंबिरीची जुडी, उरलेली आमटी, डोळ्यांत घालावयाचे औषध आणि नवरात्रात कुणी तरी दिलेला, कुणालाच टाकून देण्याचे धैर्य न झालेला पेढ्यांचा पुडा, या क्रमाने हळूहळू सारा संसार त्या १६५ लिटरांत जाऊन बसला. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तर हा फ्रीज दिवसाचा मोठा भाग निव्वळ कपाट म्हणूनच वावरत असे. पण त्याकडे आम्ही तेव्हा लक्ष दिले नाही.

यंत्र बिघडते म्हणजे एके दिवशी बंद पडते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी कोणतेही यंत्र दीर्घकाळ सांभाळलेले नाही. यंत्र बिघडत नाही. ते थोडेथोडे बदलते, आणि आपण त्याच्या प्रत्येक बदलाला थोडेथोडे सरावतो. आधी बर्फाच्या कप्प्याचे झाकण निखळले. तेव्हा झाकणावाचून बर्फ अधिक लवकर हाती लागतो असा शोध लागला. मग आतला दिवा गेला. तेव्हा दिव्याने वीज उगाच जाळायची कशाला, असे ठरले. मग बर्फ वितळवण्याचे तांबडे बटण दाबले तरी आत राहीना, आणि कप्प्याभोवती बर्फाचे असे स्तरावर स्तर चढले की मेथीची एक पिशवी कार्तिकात दृष्टिआड झाली ती थेट फाल्गुनात प्रकट झाली. शेवटी दार नीट मिटेना, तेव्हा त्याला एक लाकडी स्टूल टेकवून ठेवण्याचा प्रघात पडला. स्टूल पायाने सरकवावे, दार किंचित वर उचलून ओढावे, हवे ते काढावे, दार गुडघ्याने रेटावे आणि स्टूल पुनश्च पूर्वस्थळी आणावे, हा विधी घरातील सर्वांच्या अंगवळणी इतका पडला होता की, एखाद्या पाहुण्याने हँडल धरून सरळ दार उघडले म्हणजे त्याच्या आडदांडपणाचे आम्हांला नवल वाटे. जी व्याधी होती तिचा स्वभाव झाला, आणि स्वभावाला औषध नसते हे तर आपल्याकडे सर्वमान्यच आहे.

अशा स्थितीत एका वैशाखात लागोपाठ दूध नासू लागले आणि घरात रीतसर दोन पक्ष पडले. पुण्यास नोकरीला असलेले आमचे चिरंजीव विसर्जनपक्षाचे म्होरके. त्यांनी दूरध्वनीवरूनच हिशेब मांडला. "बाबा, जुना फ्रीज वर्षाला ५०० युनिट तरी खात असेल. नवा २०० खाईल. ३०० युनिट वाचले, दहा रुपयांनी ३,००० झाले. सहा वर्षांत फ्रीज फुकट!" या हिशेबात गैर काहीच नव्हते, फक्त त्यातील पहिला आकडा अंदाजाने आला होता, दुसरा जाहिरातीतून, तिसरा सोयीने, आणि शेवटी निघालेले फुकट हे जे फलित, ते हिशेबाला आरंभ होण्यापूर्वीच निश्चित झालेले होते. सौ. दुरुस्तीपक्षाच्या. त्यांचा युक्तिवाद एकाच वाक्याचा होता आणि त्यास प्रतिवाद संभवत नव्हता: "अहो, आतापर्यंत चाललाच ना?" माझ्यापुरते म्हणाल तर, सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला साजेशी तटस्थता धारण करून मी प्रकरण तज्ज्ञाच्या अभिप्रायार्थ पाठवले, म्हणजे मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्री आला, त्याने फ्रीजच्या पाठीशी जाऊन कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला आणि वैद्याने नाडी सोडावी तसा तो अलगद काढून घेत म्हणाला, "कॉम्प्रेसर एक नंबर हाय बघा काका. आता असला माल येईना झालाय." रोग्याच्या आप्तांना जे ऐकायचे असते ते त्याने प्रथम सांगून टाकले, आणि मग हलकेच जोडले, "गॅस तेवढा जायलाय, थर्मोस्टॅट गेलाय, आन् गॅस्केट तर पार गेलंय." गॅस्केट गेले म्हणजे काय, हे पटवण्यासाठी त्याने माझ्याकडे दहाची नोट मागितली. ती अर्धी आत, अर्धी बाहेर राहील अशी दाराच्या फटीत धरून त्याने दार लावले आणि नोट ओढली. ती सुळकन हातात आली. "नोट येती तसा गारवाबी येतो भाईर," तो म्हणाला. मग खालचा कोपरा, मग हँडलची बाजू, असे करीत करीत त्याने दाराच्या चौफेर ती नोट फिरवली. दोन ठिकाणी ती हिसकाही न बसता निघाली, वरच्या अंगाला जराशी अडली, आणि बिजागरीच्या बाजूला मात्र रबराने ती अशी घट्ट धरली की ओढताना तिची घडी फाटण्याची वेळ आली. "बघा, एवढी धमक अजून आहे त्याच्यात," सौ. उद्गारल्या, आणि दुरुस्तीपक्षाचे पारडे त्या एका बाजूच्या रबरामुळे निर्णायक रीतीने जड झाले.

गॅसचे प्रकरण मात्र साधे नव्हते. आमच्या फ्रीजमध्ये जन्मतः जो वायू होता तो आता मिळत नाही, असे मिस्त्रीने सांगितले, आणि त्या एका वाक्यामागे विसाव्या शतकाचा अर्धा इतिहास उभा आहे. आरंभीच्या फ्रीजांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत. बर्लिनमध्ये अशा गळतीने एक अख्खे कुटुंब गुदमरून गेल्याची बातमी वाचून साक्षात आइनस्टाइन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्यासह एकही हलता भाग नसलेला फ्रीज तयार करण्याच्या मागे लागले. १९३० साली त्यांना त्याचे अमेरिकन पेटंटही मिळाले. ज्याच्यात काही हलतच नाही त्याच्यात बिघडणार काय, हा विचार विश्वाचे कोडे सोडवणाऱ्या बुद्धीलाच सुचावा असा होता. परंतु तो फ्रीज बाजारात कधी आलाच नाही, आणि त्यामुळे जगभरच्या मिस्त्रींची पोटे शाबूत राहिली. त्याच वर्षी टॉमस मिजली नामक अमेरिकन रसायनज्ञाने आपला नवा निरुपद्रवी वायू भर सभेत छातीत ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. टाळ्या पडल्या, आणि तो वायू घरोघरी पोहोचला. तो माणसाला अपाय करीत नाही, फक्त आकाशातील ओझोनचे आवरण कुरतडतो, हे कळायला बराच अवकाश लागला. मग १९८७ साली माँट्रियल येथे त्याच्या उच्चाटनाचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि यथावकाश त्या वायूचे उत्पादन थांबले. अर्थात आमच्या बैठकीच्या खोलीत उभा असलेला हा लाल इसम एका आंतरराष्ट्रीय कराराचा कसूरदार निघाला. ही हकीकत मी सौ.ना विस्ताराने सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मग दुसरा गॅस किती रुपयांना भरून देईल?"

मिस्त्रीने बदली गॅसचे २,५००, थर्मोस्टॅटचे ६०० आणि गॅस्केटचे ९०० असे एकंदर ४,००० रुपयांचे अंदाजपत्रक सादर केले. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला तर वस्तू टाकून द्यावी, असा एक व्यवहारी नियम सांगितला जातो. या नियमात एक गोम आहे: तो एका वेळच्या दुरुस्तीला लागू होतो, आणि कोणतेही सुजाण कुटुंब एका वेळी निम्म्याचा खर्च करीतच नाही. ते चौथाई करते, पुन्हा चौथाई करते, आणि तिसऱ्या चौथाईच्या वेळी, आता एवढा पैसा घातलाच आहे तर, या युक्तिवादाने चौथीची तरतूद करून ठेवते. आम्हीही गॅस आणि थर्मोस्टॅट या दोन बाबींना मंजुरी दिली. परंतु गॅस्केटची बाब सौ.नी छाननीत उडवली. "एका रबराच्या पट्टीला ९०० रुपये? स्टूल आहे की." तेव्हा फ्रीजला मुदतवाढ मिळाली आणि स्टुलाची नेमणूक कायम झाली.

मुदतवाढीचा एक धर्म असतो: ती एकदा दिली की पुढच्या वेळी नाकारता येत नाही. पुढल्या उन्हाळ्यात दुसरा गॅसही पहिल्याच्या वाटेने गेला, आणि मिस्त्री पुनश्च "कॉम्प्रेसर एक नंबर हाय" एवढे एकच आश्वासन देऊ शकला, तेव्हा चिरंजीव स्वतः रजा काढून आले आणि आम्हां उभयतांना नव्या पेठेतील एका दुकानात घेऊन गेले. तेथील शीतल प्रकाशात फ्रीजांची पलटण उभी होती आणि प्रत्येकाच्या छातीवर तारे होते. हे तारे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे. २००६ पासून ते आपल्या देशातील यंत्रांवर लागू लागले, आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल हा आकडाही त्याच कागदावर छापलेला असतो. परंतु लेबलाची खरी खुबी वेगळीच आहे. हे निकष वेळोवेळी कडक होत जातात. त्यामुळे आज पाच ताऱ्यांचा म्हणून वाजतगाजत आणलेला फ्रीज, त्याच्याकडून कोणतीही कसूर न होता, नव्या मोजपट्टीवर चार किंवा तीन ताऱ्यांच्या लायकीचा ठरतो. सचोटीने काम करूनही गोपनीय अहवाल दरसाल उतरता यावा, याहून खरे सेवाजीवन मी कुठे पाहिले नाही, आणि त्या क्षणी मला नव्या फ्रीजांविषयीही प्रथमच आपुलकी वाटली.

विक्रेता तरुण, तरतरीत आणि वाक्चतुर होता. "काका, कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी," तो म्हणाला. बाकीच्या भागांना किती, असे मी विचारले तेव्हा एक वर्ष, असे उत्तर त्याने पूर्वीच्या वाक्याच्या निम्म्या आवाजात दिले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जगातील सर्व फ्रीजांचे कॉम्प्रेसर एक नंबर असतात. फक्त त्यांच्याभोवती जे काही असते तेच काय ते टिकत नाही. सौ.नी दार उघडून लावून पाहिले, पर्समधून दहाची नोट काढून ती फटीत धरली आणि ओढली. नोट निघाली नाही. विक्रेत्याला या परीक्षेचा अर्थ कळला नाही, पण आमचा निर्णय झाला हे त्याला कळले.

येथे चिरंजीवांनी एक कथा सांगितली, ती या वादाला लागू आहे म्हणून सांगतो. साठाच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नामक अभियंत्याच्या घरचा जर्मन मिक्सर जळाला. आमचे वाटण म्हणजे काय हे त्या परदेशी यंत्राला ठाऊक नव्हते, आणि ते दुरुस्त करून द्यायला येथे त्या कंपनीचे कुणी नव्हते. पत्नी माधुरीबाईंनी विचारले, तुम्ही इंजिनिअर आहात ना, मग एक बनवून का देत नाही? माथुरांनी खरोखरच आपल्या वाटणाला पुरेल असा दणकट मोटरीचा मिक्सर बनवला, १९६३ साली कंपनी काढली, आणि त्यातून सुमीत मिक्सर घरोघरी गेला. दुरुस्ती करावी की नवे घ्यावे, या दोन पर्यायांपलीकडे तिसरा, म्हणजे कारखाना काढण्याचा पर्यायही उपलब्ध आहे, हे यावरून सिद्ध होते. ही कथा ऐकून सौ.नी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिच्यात अपेक्षा नव्हती, केवळ तुलना होती. म्हणून मी तत्काळ दुकानदाराला बयाणा देऊन टाकला.

आता उरला तो जुन्या फ्रीजच्या विल्हेवाटीचा प्रश्न, आणि येथेच खरे प्रकरण सुरू होते. अदलाबदलीच्या योजनेत दुकानदाराने जुन्याचे १,२०० रुपये सांगितले. जोवर फ्रीज घरात होता तोवर त्याला भंगार, धोंडा, डबडे अशा शेलक्या विशेषणांनी संबोधणाऱ्या आमच्या सौ. तो आकडा ऐकून लाल झाल्या. "बाराशे? एवढ्यात तर त्याचा नुसता दरवाजा यायचा नाही." भंगारवाल्याने तर किलोचा भाव सांगितला आणि वजनकाटा काढला, त्याचे सारे लक्ष मागच्या तांब्याच्या नळीकडे होते. ज्याला आपण टाकून देण्यास सिद्ध आहोत त्याची दुसऱ्याने किंमत करावी हे आपल्याला सहन होत नाही. त्यातच, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार फ्रीज हा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावा, हे मी निवृत्त का होईना पण सरकारी माणूस असल्यामुळे घरात वाचून दाखवले. नियम उत्तमच आहे. आमच्या घरात मात्र त्याचा उपयोग एवढाच झाला की, भंगारवाल्याला परत पाठवण्यास एक कायदेशीर सबब मिळाली आणि प्रकरण तहकूब झाले.

दुरुस्ती की नवी खरेदी, हा प्रश्न ज्यांनी प्रथम मांडला त्यांनी आपली घरे पाहिलेली नसावीत, अशी माझी आता खात्री झाली आहे. आपल्याकडे वस्तू दुरुस्तही होत नाही आणि टाकूनही दिली जात नाही. तिचा हुद्दा उतरतो. पितळी पातेले स्वयंपाकातून बाहेर पडले की अंघोळीचे पाणी तापवते, आणि लोखंडी खाट गच्चीवर जाऊन वाळवणाखाली उभी राहते. सेवेतून मुक्त असे कुणीच होत नाही, फक्त बदली होते, तीही बहुधा गैरसोयीच्या ठिकाणी. हिशेब आपण मांडतो ते निर्णय घेण्यासाठी नव्हे, तर निर्णय घेण्याची मिती पुढे ढकलण्यासाठी. चिरंजीवांचा युनिटांचा हिशेब आणि मिस्त्रीचे अंदाजपत्रक, दोन्ही अचूक होते. दोघांच्याही हिशेबात सौ. नव्हत्या, एवढीच त्यांत उणीव होती.

नवा फ्रीज आला आणि बैठकीच्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरात बसला. जुन्याची बदली मागच्या सज्जात झाली. तेथे तारा कापून, आतील बर्फाचा कप्पा काढून, त्याची नेमणूक कपाट म्हणून करण्यात आली, आणि त्या पदावर त्याने असे नाव कमावले की काय सांगावे! कुरडया, सांडगे, पापड, वर्षाची तुरीची डाळ आणि शेंगाचटणीचा मोठा डबा त्यात गेला. किल्ली पुन्हा जुडग्यात आली, कारण आता आत चोरण्याजोगे खरोखरच काही होते. अडचण एकच निघाली. हँडलच्या बाजूच्या फटीतून मुंग्या शिरू लागल्या आणि पावसाळी हवेने पापड सादळले. सौ.नी त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावले. तो आला, सवयीने त्याने पाठीमागे हात घालून कॉम्प्रेसर चाचपला, त्याची आता गरज नाही असे कळताच थोडा हिरमुसला, आणि मग गॅस्केट बदलायचे आहे हे ऐकून सावधपणे म्हणाला, "काकू, रबर महागलंय. आता अकराशे पडतील बघा." फ्रीज असताना जे ९०० रुपये अवास्तव ठरले होते, ते कपाट झाल्यावर अकराशेच्या दराने, कोणतीही घासाघीस न होता, उभ्या उभ्या मंजूर झाले, पावतीवर मात्र मिस्त्रीने नेहमीच्या पद्धतीने "फ्रीज दुरुस्ती" असेच लिहिले.